मंजुरीचा गूळ

संविधानाची उद्देशिका वाचून झाली, मेणबत्त्या अर्ध्यावर आल्या, तरी कौसल्याबाईंनी गुळाचा डबा बाहेर आणला नाही. हे सगळ्यांत आधी प्रेरणाच्या लक्षात आलं. दरवर्षी सव्वीस नोव्हेंबरला बुद्धाच्या अन् बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या पाटावर डबा आधीच येऊन बसलेला असायचा. आज नुसता पाट होता.

तिनं नवऱ्याला कोपर मारलं. फुलचंदनं पाहिलंसुद्धा नाही. सरपंचाची निवडणूक हरल्यापासून तो कोणाकडेच पाहत नव्हता. हरलेल्या माणसाचं तोंड टाकळी गावानं आठवडाभर फुकटात पाहून घेतलं होतं. आता घरच्यांची पाळी होती.

डबा तसा साधा, पितळेचा, एका बाजूनं चेपलेला. पण ह्या घरात त्याला सहीची किंमत होती, आणि ती थोरल्या भीमराजनं लावून दिलेली. भीमराज, म्हणजे कौसल्याबाईंचा नवरा, दारव्ह्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचा. किडन्या गेल्या, खाट धरली, तेव्हा दोघा धाकट्या भावांना जवळ बसवून म्हणाला, "घर एक ठेवायचं असंल तं अमेरिकेसारखं नाई चालणार. तिथं एकाच माणसाच्या हाती सारं. आपण आपल्या देशासारखं चालू. कौसल्या राष्ट्रपती, धर्मपाल प्रधानमंत्री."

"अन् मी?" फुलचंदनं विचारलं होतं.

"तू मंत्री."

"खातं कोणतं?"

"खतं-बियाणं."

मरणाच्या दारात बसलेला माणूस आणि हे असं. सगळे रडता रडता हसले होते. कौसल्याबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "पण मले करा काय लागंल?"

"काही नाई. हे दोघं घरच्यायले घेऊन ठरवतीन, तू हो म्हणजो. तू हो म्हटल्याबिगर ठरलं असं समजायचं नाई."

"अन् मले नाई म्हणायचं असंल तं?"

"एक डाव वापस धाडता येते. पुन्हा विचार करा म्हणायचं. पण पुन्हा तेच आलं, तं हो म्हणाच लागते."

लिहून तरी ठेवा, असं फुलचंद म्हणाला, तर भीमराजनं त्यालाच झापलं. इंग्लंडची घटना कुठं एका जागी लिहेल हाय, तरी चालूनच राह्यली ना! त्या दिवशी त्यानं बायकोच्या हातानं सगळ्यांना गूळ वाटला. तेव्हापासून कौसल्याबाईंच्या हातचा गूळ म्हणजे मंजुरी. विहिरीवर मोटार बसली ती गुळानं, विक्कीचं लग्न ठरलं ते गुळानं, पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं, वावर सोयाबीनखाली गेलं तेही गुळानंच. डबा उघडण्याआधी त्या धर्मपालकडे पाहायच्या, धर्मपाल मान हलवायचा, मग झाकण निघायचं. इतक्या वर्षांत त्यांनी एकही गोष्ट वापस धाडली नव्हती. आता बोला.

"विषय एकच हाय," फुलचंद सतरंजीवर पुढं सरकत म्हणाला. "विक्कीची चूल वेगळी. ह्या घरातून."

विक्की दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. धर्मपालचा एकुलता एक. त्याची बायको दीपमाला भिंतीला पाठ लावून बसली होती, सातवा लागलेला, पाय लांब केलेले. तिनं पाय जवळ ओढून घेतले.

"घरचा ट्रॅक्टर," फुलचंद बोटं मोडत म्हणाला. "घरचं डिझेल. अन् त्याच्यावर स्पीकर कोनाचा? समोरच्याचा! माह्याच दारापुढून, माह्याच पुतण्याच्या आवाजात, मले पाडा म्हून सांगून राह्यला होता हा. गाव हासलं माह्यावर. थोड्याशा मतानं गेलो मी, मले माहीत हाय ती मतं कुठून गेली. आपलेच दात अन् आपलेच ओठ, म्हून मी चूप बसू काय?"

ट्रॅक्टर सगळ्यांनी पाहिला होता.

धर्मपालनं घसा साफ केला. सकाळी गोठ्यात फुलचंदनं त्याला सरळ सांगितलं होतं, विक्की राहील तर मी राहणार नाही, वावराच्या वाटण्या करून टाका. धर्मपालनं तेव्हापासून मनात हिशेब मांडला होता. पोराची बाजू घेतली तर भाऊ जातो, आणि वर लोक म्हणतात, प्रधानमंत्र्यानं आपल्या पोरासाठी न्याय वेगळा केला. पोराला काढलं तर पोरगा रागानं महिनाभर दारव्ह्याला राहील, मग बाळंतपणाच्या निमित्तानं येईलच परत. भावाचा राग तोवर उतरेल. हिशेब सरळ होता. फक्त त्याला दीपमालाकडे पाहता येत नव्हतं.

"माह्यं हो," धर्मपाल म्हणाला.

फुलचंदचं हो होतंच. प्रेरणानं नवऱ्याकडे पाहून हळूच हो म्हटलं.

"माह्यं नाई," तुळसाबाई म्हणाली. विक्कीची आई. "सातव्या महिन्यात सुनेले घराबाहेर काढता? लाजा नाई वाटत काय तुमाले?"

"एक विरोधात," धर्मपाल बायकोकडे न पाहता म्हणाला. "ठराव झाला. वहिनी, डबा आणा."

कौसल्याबाई उठल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

"मले एक इचारायचं हाय."

धर्मपालला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"वहिनी, राष्ट्रपती इचारत नसते. ती सल्ल्यानं चालते."

"चालतोच ना बाप्पा मी सल्ल्यानं. पण हे कॉलेजात जे शिकवाचे, ते आदल्या दिवशी चुलीपुढं बसून मले म्हणून दाखवत. मी भाकरी थापून राह्यली असाची. राष्ट्रपतीले माहिती मागता येते, असं म्हणत होते. कलम कोणतं व्हय ते?"

"अठ्ठ्याहत्तर, मोठीमाय," दीपमाला पटकन म्हणाली. बी. ए.ला तिचा तोच विषय. "राष्ट्रपतीनं मागितली तं प्रधानमंत्र्यानं माहिती द्याच लागते."

"तिले काय इचारता?" फुलचंद उसळला. "ती पक्षकार हाय!"

"कलम थोडंच पक्षकार हाय," प्रेरणा म्हणून गेली, आणि नवऱ्याची नजर पाहून तिनं जीभ चावली.

कौसल्याबाई धर्मपालकडे वळल्या. "विक्कीनं ट्रॅक्टर काहून फिरवला?"

"आता ते..."

"इचारलं काय त्याले कोणी?"

धर्मपालनं फुलचंदकडे पाहिलं, फुलचंदनं छताकडे.

"मंग कशावर ठरवलं तुम्ही? विक्की, इकडे ये. सांग."

विक्की चौकटीपासून हलला नाही, पण बोलला. "काकानं गायरान कंपनीले द्याचं कबूल केलं होतं. सोलरसाठी. तिथं गावातल्या उकंडाचं वावर हाय, धावजीच्या शेळ्या चरतेत. त्या गायरानासाठी आपले आबा, काकाचे बाप, सत्याग्रह करून जेलात गेलते. मी कोणत्या तोंडानं काकाचा झेंडा धरू?"

"अरे, पण त्या बदल्यात गावाले नळ येत होता!" फुलचंदचा आवाज फाटला. "दिवे लागत होते. पोट्ट्यायले नोकऱ्या भेटत होत्या. उकंडाले दुसरीकडे जागा देतो म्हटलं होतं मी. का माह्या खिशात घालत होतो? आबा जेलात गेलते तवा गावात प्याले पाणी नव्हतं, अन् आज बी नाई. त्याचं काय?"

खरं म्हणजे दोघांचंही खरं होतं. गावातही असंच झालं होतं, अर्धं इकडे अन् अर्धं तिकडे.

"हे सारं तू काकाले घरी सांगितलं होतं काय?" कौसल्याबाईंनी विचारलं. "ट्रॅक्टरवर चढ्याच्या आधी?"

विक्कीनं मान खाली घातली. "नाई."

"बरं." कौसल्याबाईंनी बोटाचा पदर सोडला. "मी हे वापस धाडतो. पुन्हा विचार करा."

असं ह्या घरात पहिल्यांदाच झालं होतं. शेवटी धर्मपाल म्हणाला, जेवून घेऊ.

स्वयंपाकघरात तुळसाबाईनं पातोडीच्या रश्श्यात मीठ दोनदा टाकलं. दीपमालानं पाहिलं, सांगितलं नाही. त्या सासूला त्या क्षणी काही सांगणं म्हणजे जळत्या चुलीत हात घालणं.

"मी केळापूरले चालली जाईन, आत्याबाई," दीपमाला म्हणाली. "नाई तरी बाळंतपणाले माहेरी जाणारच होती. दोन महिने आधी, इतकंच. माह्यापाई तुम्ही भांडू नका."

"माहेरी जाणं वेगळं, काढून देणं वेगळं." तुळसाबाईनं पळी आपटली. "काढलेली सून माहेरी गेली तं लोक काय म्हणतीन? अन् विक्की? तो खोली घेऊन राहीन, डाळ-भात जाळीन. नाई नाई. तुम्ही जाल तं मी बी येतो."

"अन् मामाजी?"

"त्याईले त्याईचं मंत्रिमंडळ हाय. थापतीन भाकरी ठराव करून!"

दीपमालाला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी. तिनं पदरानं दोन्ही पुसलं.

ताटं घ्यायला आलेली प्रेरणा दारातच थांबली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"जाऊबाई, तुम्ही असं कराल तं ह्या घरात मी अन् थोरल्या जाऊबाई, दोघीच. सकाळची माही अंगणवाडी. कसं होईन?"

"मंग समजाव ना आपल्या नवऱ्याले."

"माह्यं ऐकते काय तो?" प्रेरणा दाराला टेकली. तिचा आवाज खाली आला. "हरल्यापासून धड जेवला नाई. काल आरशापुढं उभा राहून पांढरी टोपी घालून पाहत होता, शपथेसाठी आणली होती ती. मले पाहून काढून ठेवली. मी त्याले काय म्हणू?"

तुळसाबाईनं प्रेरणाच्या हातात ताटं दिली आणि खारट पातोडी सगळ्यांनी गुपचूप खाल्ली.

जेवणं झाल्यावर पुन्हा सतरंजी. धर्मपालला ते लवकर आटपायचं होतं. दुसऱ्यांदा तेच आलं की वहिनीला हो म्हणावंच लागणार, हे भीमराजदादाच सांगून गेला होता, त्यात वाद नव्हता.

"विचार केला," धर्मपाल म्हणाला. "माह्यं हो."

"हो," फुलचंद.

प्रेरणानं ओढणीशी चाळा केला. "मी तटस्थ."

"तटस्थ?" फुलचंद तिच्याकडे वळला. "घरात बी तटस्थ?"

"तुम्ही मले मंत्री केलं तं माह्यं मत माह्यं. नाई तं काढून टाका मंत्रिमंडळातून."

आता राहिली तुळसाबाई. तिचा विरोध धरूनच धर्मपाल चालला होता. दोन हो, एक नाही, एक तटस्थ. ठराव पास. तो बोलायला तोंड उघडणार, इतक्यात ती म्हणाली,

"माह्यं बी हो."

विक्कीनं दचकून आईकडे पाहिलं.

"होऊ द्या वेगळी चूल," तुळसाबाई शांतपणे म्हणाली. "मी त्यायच्यासंगं जाईन. दारव्ह्याले दोन खोल्या पाहू. सुनेचं बाळंतपण मी करीन. इथं तुम्ही भाऊ-भाऊ राहा सुखानं."

ठराव धर्मपालनंच मांडून घेतला होता, त्यानंच दोनदा हो म्हटलं होतं, आणि आता बायको, पोरगा, सून, पोटातलं नातवंड, सगळी एका ठरावानं दाराबाहेर. करायला गेलो एक, अन् झालं भलतंच. त्यानं मांडलेल्या हिशेबात बायको कुठं धरलीच नव्हती.

"चहा," तो कसाबसा म्हणाला. "चहा झाल्यावर वहिनी गूळ वाटतीन."

परसात कौसल्याबाई वेचून आणलेल्या कापसाच्या ढिगाजवळ उभ्या होत्या. धर्मपाल मागून आला, इकडे तिकडे पाहिलं.

"वहिनी, आज डबा उघडू नका."

"काहून?"

"दादाच म्हणे, राष्ट्रपतीनं किती दिवसात सही करायची हे घटनेत लिहेलच नाई. ठेवून द्याचं तसंच. हो बी नाई, नाई बी नाई. आताही कोर्टात त्याच्यावर केवढा वाद झाला, पेपरात होतं. तुम्ही म्हणा, मंजूर हाय, पण आज नाई. पाहू पुढं. महिना, सहा महिने. फुलचंद थंडा होईन."

"अन् तोवर तो शिव्या कोणाले देईन?"

"तुमाले कोण शिव्या देते, वहिनी?"

"म्हणूनच मले पुढं करून राह्यले तुम्ही."

कौसल्याबाईंनी कापसाचं एक बोंड उचललं, त्यातला कचरा काढत राहिल्या. त्यांना रागच आला होता, आणि इतक्या वर्षांत तो कधी आला नव्हता म्हणून तो आवरावा कसा हे त्यांना कळत नव्हतं.

"भाऊजी, मी ह्या घरात आली तवा फुलचंद तिसरीत होता. त्याच्या चड्डीची नाडी मी बांधली. तुळसा बाळंतपणात अंथरुणाले लागली, तवा विक्कीले मी कडेवर वागवला. माही कूस रिकामी राह्यली, ह्या दोघायनं कधी ते जाणवू दिलं नाई. दोघं माह्येच हायेत. मले वाटत नाई काय, की डबा कुठंतरी फेकून द्यावा? तुम्ही सांगता तेच माह्या मनात सकाळपासून हाय. म्हून तं डबा आणला नाई मी पाटावर."

"मंग झालंच की!"

"झालं कसं? विक्की रोज सकाळी उठून पाहीन, आज गूळ वाटते का उद्या. ती पोरगी पोटाशी हात धरून बसंल. फुलचंद म्हणंल, वहिनीनं पुतण्याचं पाह्यलं, दिराचं नाई. अन् तुम्ही? तुम्ही भावापाशी बी चांगले, पोरापाशी बी चांगले." त्यांनी हातातलं बोंड ढिगावर टाकलं. "ह्यायनं मले मान देला अन् तोंड काढून घेतलं. तुमच्या दादायनं. मले कधी काही म्हणा लागलं नाई, कारण कधी कोणी बुडत नव्हतं. आज बुडून राह्यलं."

"मंग मी काय करू?"

"मी तुमच्या सल्ल्यानं चालणारी बाई. तुमचा सल्ला बदलला असंल, तं तसं आत येऊन सांगा. चारचौघात. परसात नाई."

"फुलचंदपुढं? दोनदा हो म्हटल्यावर? कसं सांगू वहिनी, इज्जत राहीन काय माही?"

"मंग मी गूळ काढतो," कौसल्याबाई म्हणाल्या आणि घरात गेल्या.

डबा पाटावर आला तेव्हा सगळे आधीच बसले होते. चहाचे कप तसेच पडलेले. विक्की आता दीपमालाशेजारी होता, तिचा हात हातात धरून. मोठ्यांपुढं तो असं कधी करत नसे.

"मंजूर," कौसल्याबाई म्हणाल्या.

दीपमालानं डोळे मिटले. तुळसाबाईनं पदर तोंडाशी नेला. फुलचंदनं मोठा श्वास सोडला, पण तो जिंकल्याचा वाटला नाही.

कौसल्याबाईंनी झाकण काढलं. मग डबा उचलून सगळ्यांपुढं फिरवायचा, तो त्यांनी उचलला नाही. धर्मपालकडे सरकवला.

"माह्यं काम झालं. राष्ट्रपतीनं सही केली. अंमल करणं हे मंत्रिमंडळाचं काम. निर्णय तुमचा, गूळ बी तुम्हीच वाटा. पहिला खडा विक्कीच्या हातावर ठेवा."

"वहिनी, वाटता तं तुम्हीच ना नेहमी."

"नेहमी मोटारी बसवत होतो आपण. आज पोरगं काढून राह्यलो. ज्यायनं ठरवलं त्यायनं आपल्या हातानं द्यावं."

ह्याला घटनेत उत्तर असेलही, पण ते धर्मपालला सापडलं नाही. त्यानं डब्यात हात घातला. बोटाला गूळ चिकटला. तो उठला, दोन पावलं गेला. विक्की उभा राहिला आणि त्यानं हात पुढं केला. लहानपणी सव्वीस नोव्हेंबरला करायचा तसाच, उजवा वर, डावा खाली. पोराला राग असता, त्यानं तोंड फिरवलं असतं, तर धर्मपालनं गूळ ठेवलाही असता. पण पोरगा हात पुढं करून उभा होता.

"ठेवा, बाबा."

धर्मपालची बोटं उघडेनात. कापसाचं गाठोडं एकट्यानं उचलणारा माणूस, आणि सुपारीएवढा खडा त्याला खाली ठेवता येईना.

"मले नाई जमत, वहिनी."

"मंग तसा सल्ला द्या."

धर्मपालनं भावाकडे पाहिलं. "फुलचंद, मी चुकलो. तू जाशीन ह्या भेवानं मी हो म्हटलं. तुले वाटणी पाह्यजे असंल तं ने, हे सारं वावर ने. पण मी पोराले बाहेर नाई काढू शकत. माह्यं हो मी वापस घेतो."

"माह्यं बी," तुळसाबाई लगेच म्हणाली.

"म्हणजे मी एकटा राह्यलो," फुलचंद म्हणाला. तो हसायला गेला, ते जमलं नाही. "गावात बी एकटा, घरात बी. वा रे वा!" तो उठला, धर्मपालच्या हातातला खडा त्यानं ओढून घेतला. "तुले नाई जमत ना? मले जमते. मी देतो."

प्रेरणा अर्धवट उठली. कौसल्याबाईंनी तिला हातानं बस म्हटलं.

फुलचंद पुतण्यापुढं जाऊन उभा राहिला. ह्याच पोराला त्यानं सायकल शिकवली होती, दारव्ह्याच्या बाजारात खांद्यावर बसवून फिरवला होता, पहिल्या दाढीला ब्लेड आणून दिलं होतं. विक्कीचा हात तसाच पुढं होता.

"तोंडावर काहून नाई सांगितलं मले?" फुलचंदनं विचारलं. आवाज इतका बारीक होता की प्रेरणाला तो अनोळखी वाटला. "काका, तुमचं हे मले पटत नाई, मी तुमच्यासंगं येत नाई. इतकंच. सांगता आलं असतं ना? मी जीव घेतला असता काय तुया?"

"भेव वाटलं, काका."

"माह्यं?"

"तुमच्यापुढं आलो असतो तं मले नाई म्हणता आलं नसतं. तुम्ही म्हटलं असतं, विक्की, चाल, तं मी आलो असतो. म्हून आधी ट्रॅक्टरवर चढलो." विक्कीचा चेहरा वाकडा झाला. "मत माह्यं तेच हाय. पण ते स्पीकरवरून तुमाले ऐका लागलं, ते चुकलं माह्यं. लय चुकलं."

फुलचंद वळला, पाटाजवळ आला आणि खडा डब्यात टाकून दिला.

"नाई देत," तो म्हणाला. "पण मी बोलणार नाई तुयासंगं. सांगून ठेवतो. निदान उन्हाळा लागेपरेंत."

"बोलू नका, काका."

"अन् ट्रॅक्टर मीच चालवीन."

"चालवा."

"अन् गायरानावर पुन्हा बोलू. ते झालं नाई अजून."

"बोलणार नाई म्हणता, अन् पुन्हा बोलू बी म्हणता," प्रेरणा म्हणाली. तुळसाबाईला हसू फुटलं, ते तिनं खोकल्यात घातलं. फुलचंदनं बायकोकडे रागानं पाहिलं आणि चहाचा गार झालेला कप उचलून एका घोटात संपवला. बऱ्याच दिवसांनी त्यानं कप खाली पूर्ण रिकामा ठेवला.

धर्मपाल सतरंजीवर बसला. तोंडावरून हात फिरवला. "म्हणजे ठराव वापस. आज काहीच ठरलं नाई. वहिनी, डबा बंद करा."

कौसल्याबाईंनी झाकण हातात घेतलं. भिंतीजवळून दीपमालाचा आवाज आला, जरा संकोचलेला.

"मोठीमाय, मले नुसताच एक खडा द्या ना. ठरावाबिगर. कवापासून वास येऊन राह्यला."

ह्या घरात ठरावाशिवाय गूळ कोणी मागितला नव्हता. धर्मपालनं सवयीनं मान वर केली. वहिनी आता आपल्याकडे पाहतील, आपण हो म्हणू.

कौसल्याबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. डबा घेऊन त्या उठल्या, दीपमालापाशी जाऊन खाली बसल्या आणि डब्यातला सगळ्यांत मोठा खडा काढून तिच्या हातावर ठेवला.